व्हायकिंगांच्या मुलखातला मिशनरी : आन्सगार कसा जगला

प्रश्न असा आहे : मध्ययुगात उत्तर युरोपात, व्हायकिंगांच्या (म्हणजे डेन्मार्क-स्वीडनकडच्या दर्यावर्दी लोकांच्या) मुलखात ख्रिस्ती धर्म घेऊन जाणाऱ्या मिशनऱ्याचं आयुष्य प्रत्यक्षात कसं होतं? तो राहायचा कुठे, पैसा कोण पुरवायचं, लोक त्याचं ऐकायचे का, की हे सगळं तलवारीच्या जोरावर झालं?

मी पंचवीस वर्षं युरोपचा मध्ययुगीन इतिहास शिकवते. हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि सरसकट उत्तर दिलं की ते पोकळ होतं, हे मला अनुभवाने कळलं आहे. म्हणून एकाच माणसाला धरून सांगते. त्याचं नाव आन्सगार. जन्म इ.स. ८०१, उत्तर फ्रान्समधल्या आमियाँजवळ. मृत्यू ८६५, ब्रेमेनमध्ये. त्याचा शिष्य आणि वारसदार रिम्बर्ट याने त्याच्या मृत्यूनंतर दहा-अकरा वर्षांच्या आत त्याचं लॅटिन चरित्र लिहिलं. नवव्या शतकातल्या मिशनऱ्याबद्दल इतका जवळून लिहिलेला मजकूर फारसा नाही.

आधी तलवारीचं. ती होतीच. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने आजच्या उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांशी ७७२ ते ८०४ अशी बत्तीस वर्षं लढाई केली. ७८२ साली सॅक्सनांच्या मुलखातल्या फेर्डेन इथे ४५०० सॅक्सनांची कत्तल झाल्याची नोंद त्याच्याच दरबारी बखरीत आहे, आणि बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला देहदंड असा कायदाही त्याने केला होता. पण फ्रँकांचं सैन्य एल्ब नदीच्या थोडं पलीकडे जाऊन थांबलं. डेन्मार्क आणि स्वीडन त्याच्या आवाक्याबाहेर राहिले. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की गोवा आणि वसईतली पोर्तुगीज सत्ता आठवते, किंवा नंतरच्या काळातली इंग्रजी राजवट. धर्मगुरूच्या पाठीशी किल्ला आणि तोफ आहे, असंच चित्र मनात असतं. आन्सगार स्वीडनला पोहोचला तेव्हा त्याच्या पाठीशी काहीही नव्हतं. हातात जे होतं तेही वाटेत लुटलं गेलं होतं.

आई तो लहान असतानाच वारली. बापाने त्याला कोर्बीच्या मठात शिकायला ठेवलं. पुढे तो तिथेच मास्तर झाला. त्या शाळेत फुलबर्ट नावाच्या मुलाला दुसऱ्या मुलाने लिहायची पाटी मारली आणि तो त्यात गेला. हा प्रसंग रिम्बर्टने टाळलेला नाही. आपल्या हाताखालच्या मुलाकडे लक्ष राहिलं नाही, याचं दुःख आन्सगारला फार झालं, असं तो सांगतो. ८२२ नंतर त्याला वेझर नदीकाठच्या कोर्वाय या नव्या मठात पाठवलं गेलं. म्हणजे ज्या सॅक्सनांवर एका पिढीपूर्वी धर्म लादला गेला होता, त्यांच्याच मुलखात तो शिकवत होता. दबावाने ख्रिस्ती झालेली माणसं आतून कशी असतात, हे त्याने तिथे रोज पाहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

८२६ साली डेन्मार्कच्या गादीसाठी भांडणारा हाराल्ड क्लाक चारशेहून अधिक माणसांसह शार्लमेनचा मुलगा सम्राट लुई याच्याकडे आला आणि माइंट्स इथे त्याने बाप्तिस्मा घेतला. सम्राट स्वतः त्याचा धर्मपिता झाला. हाराल्डबरोबर परत जाईल असा धर्मगुरू हवा होता, आणि कोणीच तयार होईना. कोर्बीचा मठाधिपती वाला याने आन्सगारचं नाव सुचवलं. आन्सगारने होकार दिला, तर मठातले लोक त्यालाच बोल लावू लागले : घरदार, सोबती सोडून रानटी लोकांत कशाला मरायला जातोस? तो द्राक्षाच्या मळ्यात जाऊन एकटा वाचत, प्रार्थना करत बसायचा. तिथे आउटबर्ट नावाचा सोबती त्याला शोधत आला. त्याला वाटलं, आन्सगारला जायचं नसावं. जाणार म्हटल्यावर आउटबर्ट म्हणाला, तुला एकट्याला सोडणार नाही. निघाले दोघंच. मठातला एकही नोकर बरोबर यायला तयार नव्हता, आणि मठाधिपतीने कोणावर सक्ती केली नाही.

पुढचा तपशील मी वर्गात हटकून सांगते. हाराल्ड नवा ख्रिस्ती. धर्मगुरूंशी कसं वागायचं हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याच्या माणसांनाही. सुरुवातीला या दोघांची फार आबाळ झाली. कोलोनला पोहोचल्यावर तिथल्या बिशपला त्यांची कणव आली आणि त्याने त्यांना एक चांगली नाव दिली, दोन खोल्या असलेली. ती नाव पाहून हाराल्डच तिच्यावर राहायला आला. एक खोली त्याला, एक यांना. एकाच नावेत राहिल्यावर ओळख झाली, ओळखीतून जिव्हाळा आला, आणि मग राजाची माणसंही यांची काळजी घेऊ लागली. उत्तरेतल्या धर्मप्रसाराची सुरुवात म्हणून पुस्तकांत ज्या घटनेचा उल्लेख येतो, ती एका नावेतल्या दोन खोल्यांवर अवलंबून होती.

ती मोहीम टिकली नाही. हाराल्डला ८२७ मध्येच डेन्मार्कमधून हाकललं. आन्सगार आणि आउटबर्ट यांनी बारा-तेरा मुलांची एक छोटी शाळा काढली होती. त्यांतली काही मुलं विकत घेतलेली होती. हे वाचून विद्यार्थी अस्वस्थ होतात, आणि व्हायलाच हवं. उत्तर समुद्राच्या काठच्या व्यापारात गुलामांची खरेदी-विक्री सर्रास चालत होती. आन्सगार डेन आणि स्लाव्ह मुलं विकत घेऊन त्यांना धर्मशिक्षण द्यायचा. त्यांतून पुढे आपल्याच लोकांत जाणारे धर्मगुरू घडतील अशी त्याची आशा होती. त्याच्या मनात ही सुटका होती. त्या मुलांना कोणी विचारलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि शिकवताना मी दोन्ही सांगते. आउटबर्ट आजारी पडला, त्याला कोर्वायला परत नेलं आणि तो तिथे वारला.

८२९ साली स्वीडनचे दूत सम्राटाकडे आले आणि म्हणाले, आमच्याकडे बऱ्याच जणांना हा धर्म हवा आहे. पुन्हा आन्सगार. या वेळी सोबतीला विटमार. ते व्यापाऱ्यांच्या नावांतून निघाले, कारण मिशनऱ्यासाठी वेगळी वाट नव्हतीच. व्यापारी जात तिकडे तो जाई. समुद्रात चाच्यांनी गाठलं. व्यापाऱ्यांनी पहिला हल्ला परतवला, दुसऱ्यात हरले. नावा गेल्या, स्वीडनच्या राजासाठी आणलेले सम्राटाचे नजराणे गेले आणि जवळजवळ चाळीस पुस्तकं गेली.

चाळीस हा आकडा आज किरकोळ वाटतो. तेव्हा एक पुस्तक म्हणजे घासून-ताणून तयार केलेल्या कातड्यांचा ढीग आणि एका लेखनिकाचे कित्येक महिने. त्यांत मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, प्रार्थना, स्तोत्रं, शुभवर्तमानं असणार. पुस्तकं गेली म्हणजे उपासनेची आणि शिकवण्याची सगळी सामग्रीच गेली. काही जण म्हणाले, परत फिरू. आन्सगार म्हणाला, जे व्हायचं ते होवो. मग पायी, मध्ये समुद्र आडवा आला की मिळेल त्या नावेने, ते बिर्काला पोहोचले.

बिर्का हे मेलारेन सरोवरातल्या ब्योर्को बेटावरचं व्यापारी गाव. आज स्टॉकहोमहून बोटीने सुमारे दोन तास लागतात. गाव जिथे होतं त्या जागेला तिथले लोक ‘काळी जमीन’ म्हणतात, कारण दोनशे वर्षांची राख, हाडं आणि कचरा मुरून तिथली माती काळी झाली आहे. मी तिथे गेले तेव्हा ती माती हातात घेऊन पाहिली : भुसभुशीत, आपल्या विदर्भातल्या कापसाच्या काळ्या मातीसारखी चिकट अजिबात नाही. भोवती थडग्यांचे उंचवटे. यालमार स्टोल्पे या स्वीडिश संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली सुमारे अकराशे थडगी उकरली. काहींत चांदीचे क्रूस मिळाले, काहींत व्हायकिंगांच्या थॉर देवाचा हातोडा. आन्सगारच्या काळातल्या चर्चचा मागमूस मात्र अजून लागलेला नाही.

राजा ब्योर्नने त्याला राहायची आणि शिकवायची परवानगी दिली, तीही आपल्या माणसांशी बोलून, सगळ्यांच्या संमतीने. तिथे आधीपासून ख्रिस्ती होते : पकडून आणलेले गुलाम. कित्येक वर्षांनी धर्मगुरू भेटल्याचा त्यांना केवढा आनंद झाला, हे रिम्बर्ट आवर्जून लिहितो. ही गोष्ट लोक विसरतात. मिशनऱ्याचं पहिलं काम नव्या लोकांना धर्मात आणणं हे नसायचंच; परमुलखात अडकलेल्या आपल्या माणसांना उपासना पुरवणं, हे असायचं. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव होतं हेरिगार, बिर्काचा कारभारी आणि राजाचा सल्लागार. त्याने स्वतःच्या जागेत छोटं चर्च बांधलं. दीड वर्ष राहून आन्सगार परतला.

८३१ मध्ये त्याला हॅम्बुर्गचा आर्चबिशप केलं. नाव मोठं, गाव लहान : एल्बकाठची एक गढी आणि तिच्या आडोशाची वस्ती. या पदाला स्वतःचं उत्पन्न असं नव्हतं, म्हणून सम्राटाने फ्लँडर्समधला तुर्होल्टचा मठ त्याच्या खर्चासाठी लावून दिला. पैसा कुठून येई, या प्रश्नाचं हे उत्तर आहे : शेकडो मैल दूरच्या एका मठाच्या जमिनीतून. विकत घेतलेली काही मुलंही शिकायला तिथेच होती. सम्राट ८४० मध्ये वारला. ८४३ च्या व्हर्दूनच्या तहात त्याच्या तीन मुलांनी राज्य वाटून घेतलं, तुर्होल्ट चार्ल्सच्या वाट्याला गेलं आणि त्याने ते आपल्या एका सरदाराला देऊन टाकलं. त्या सरदाराने आन्सगारची काही मुलं स्वतःच्या चाकरीला लावली. हॅम्बुर्गमधले मठवासी खायला नाही म्हणून कोर्बीला परत गेले. एका तहाच्या कलमाने मिशन उपाशी पडलं.

त्यावर ८४५ आलं. डेन राजा होरिकचं आरमार एल्बमधून वर आलं. बखरीत ६०० जहाजं असा आकडा आहे, तो फुगवलेला असू शकतो. गढीचा अधिकारी नेमका बाहेरगावी होता. आन्सगारने आधी थांबून तोंड द्यायचं ठरवलं, पण माणसं फारच थोडी होती. तो अंगावर झगाही न घेता, फक्त संतांचे अवशेष घेऊन निसटला. चर्च, मठ, ग्रंथालय, सगळं जळालं. सम्राटाने भेट दिलेली, सुंदर अक्षरांत लिहिलेली बायबलची प्रतही त्यात गेली. त्याच्या तोंडी तेव्हा बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबचे शब्द होते : परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. त्याच सुमारास बिर्कातही लोक उठले. आन्सगारनंतर तिथे नेमलेल्या बिशपच्या घरात शिरून त्यांनी त्याचा पुतण्या निथार्ड याला मारलं आणि बिशपला हाकलून दिलं. पुढची सुमारे सात वर्षं बिर्कात एकही धर्मगुरू नव्हता.

त्या सात वर्षांत बिर्कात काय चाललं होतं, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. फ्रिडेबुर्ग नावाची एक वयस्क, पैसेवाली ख्रिस्ती बाई तिथे राहत होती. देवांना बळी द्यावा म्हणून शेजारीपाजारी मागे लागायचे, ती ऐकायची नाही. शेवटच्या वेळी प्रसाद द्यायला धर्मगुरू नसेल हे ओळखून तिने थोडी वाइन विकत घेऊन भांड्यात जपून ठेवली आणि मुलगी काटला हिला सांगितलं, माझा अंत जवळ आला की यातली थोडी तोंडात घाल. ही खरी मिस्सेची वाइन नव्हती. पण दुसरं तिच्या हातात होतं काय? ती वाइन तशीच सुमारे तीन वर्षं घरात राहिली. मग आन्सगारने आर्डगार नावाच्या एका एकांतवासी साधूला बिर्काला पाठवलं, आणि तिला खरा प्रसाद घेऊन मरता आलं.

मरण्यापूर्वी ती मुलीला म्हणाली, माझं सगळं दानात दे. पण इथे गरीब फारसे नाहीत, तेव्हा डोरेस्टाडला जाऊन दे, तिथे चर्च, धर्मगुरू आणि गरजू पुष्कळ आहेत. डोरेस्टाड हे आजच्या नेदरलँड्समधलं तेव्हाचं गजबजलेलं बंदर. काटला एवढा प्रवास करून गेली. तिथल्या काही भाविक बायकांनी तिला कुठे आणि कोणाला द्यायचं ते दाखवलं. अर्धं वाटून झाल्यावर दमल्या म्हणून त्यांनी चार नाण्यांची वाइन घेतली. घरी येऊन पाहिलं तर रिकामी पिशवी पुन्हा भरलेली. फक्त स्वतःसाठी खर्चलेली ती चार नाणी तेवढी कमी. चमत्कार तुम्ही माना किंवा मानू नका. मला त्यातला व्यवहार दिसतो : बिर्का आणि डोरेस्टाडमधली जाग असलेली वाट, त्या वाटेने जाणारी एक मुलगी, हातात नाण्यांची पिशवी, आणि घरातल्या एका भांड्यावर तगून राहिलेली श्रद्धा.

आता परवानगीची गोष्ट. हॅम्बुर्ग जळाल्यावर पूर्व फ्रँकांच्या लुई राजाने (वारलेल्या सम्राटाच्या त्या तीन मुलांपैकी एकाने) आन्सगारला ब्रेमेनचं बिशपपद दिलं, म्हणजे निदान बसायला जागा झाली. आणि त्याने काय केलं? ज्या होरिकच्या जहाजांनी त्याचं चर्च जाळलं, त्याच होरिककडे तो लुईचा दूत म्हणून जाऊ लागला. नजराणे नेले, तहाची बोलणी केली, दिलेला शब्द पाळला. हळूहळू होरिकचा त्याच्यावर इतका विश्वास बसला की मसलतीतही त्याला बोलावू लागला. त्यातून डेनांच्या हेडेबी या बंदरात चर्च बांधायची परवानगी मिळाली. व्यापाऱ्यांनाही ते सोयीचं होतं : ख्रिस्ती व्यापारी आता निर्धास्तपणे येऊ लागले. बरेच स्थानिक लोक क्रुसाची खूण तेवढी करून घेत, चर्चमध्ये येत आणि बाप्तिस्मा मरणाच्या दारापर्यंत लांबवत, म्हणजे सगळी पापं एकदम धुतली जातील.

८५४ मध्ये होरिक यादवीत मारला गेला. गादीवर त्याच्याच नावाचा एक पोरवयाचा राजा आला, आणि हेडेबीच्या नव्या अधिकाऱ्याने चर्चला कुलूप ठोकलं. तो जाऊन दुसरा आल्यावर चर्च उघडलं, शिवाय घंटा वाजवायची मुभा मिळाली. त्याआधी घंटेला मनाई होती. उपासना चार भिंतींआड चालते, तोवर लोक सोसतात. घंटेचा आवाज साऱ्या गावात जातो आणि हे आता आमचंही गाव आहे, असं सांगतो. डेन्मार्कमधल्या रीबे गावातही चर्चसाठी जागा मिळाली. रीबेमध्ये अलीकडच्या उत्खननात नवव्या शतकातली ख्रिस्ती पद्धतीची थडगी सापडली आहेत.

बिर्काला तो दुसऱ्यांदा गेला तेव्हा पन्नाशीत होता. समुद्रात वीस एक दिवस गेले. पोहोचला तर वातावरण तापलेलं. एक माणूस सांगत फिरत होता की मी देवांच्या सभेतून आलोय. त्यांचं म्हणणं, तुम्हाला आणखी देव हवाच असेल तर आम्ही तुमच्याच जुन्या राजाला, एरिकला, आमच्यात घेतो. परका देव कशाला? मित्रांनी आन्सगारला सल्ला दिला, आहे ते देऊन टाक आणि जीव वाचव. त्याने तसं केलं नाही. राजा ओलोफला आपल्या बिऱ्हाडी जेवायला बोलावलं, नजराणे दिले आणि आपलं काम सांगितलं. राजा म्हणाला, माझी हरकत नाही. पण आधी चिठ्ठ्या टाकून देवांना विचारावं लागेल, मग लोकांच्या सभेला. तिथला राजा असा वागे. हुकूम सोडून चालत नसे.

चिठ्ठ्यांचा कौल बाजूने आला. सभेत गोंधळ उडाला. तेव्हा एक म्हातारा उठला. त्याच्या बोलण्याचा सारांश असा : हा देव समुद्रावर आणि संकटात मदतीला येतो, हे आपल्यातल्या पुष्कळांनी अनुभवलंय. आपल्यातले काही जण डोरेस्टाडला जाऊन हा धर्म घेऊन येत होते. आता ती वाट चाच्यांमुळे धोक्याची झाली. जे आणायला आपण इतक्या लांब जात होतो, ते दारात चालून आलंय, मग का नाकारायचं? आपले देव प्रसन्न नसतील तेव्हा हा उपयोगी पडेल. सभेने होकार दिला. लोक त्याचं ऐकायचे का, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर या म्हाताऱ्याच्या बोलण्यात आहे. जुने देव टाकायची भाषा त्यात कुठेच नाही. आणखी एक देव जोडीला घ्यायला हरकत नाही, इतकंच.

रोजचं आयुष्य? ब्रेमेनमध्ये तो आतून केसांचं खरबरीत वस्त्र घालायचा. तरुणपणी भाकरी तोलून आणि पाणी मापून घ्यायचा. स्तोत्रं म्हणता म्हणता हात रिकामे राहू नयेत म्हणून जाळी विणायचा. गरिबांसाठी त्याने ब्रेमेनमध्ये रुग्णालय काढलं. स्वीडनला पळवून नेलेला एका विधवेचा मुलगा त्याने पैसे भरून सोडवला आणि स्वतः आईकडे आणून दिला. एल्बच्या उत्तरेकडचे ख्रिस्ती सरदार, पळून आश्रयाला आलेल्या ख्रिस्ती बंदिवानांनाच पकडून पुन्हा विकत होते. तिथे जाऊन त्याने त्यांना खडसावलं आणि त्या माणसांना मोकळं करवलं. माझ्या मते त्याचं सर्वांत अवघड काम हे होतं, कारण समोर आपलेच होते.

त्याच्या चमत्कारांची चर्चा कोणी करू लागलं की तो म्हणायचा, देवाकडे एकच चमत्कार मागेन, त्याने मला चांगला माणूस करावं. त्याला आयुष्यभर एक सल होता. तरुणपणी त्याला दृष्टान्तात हुतात्म्याचा मुकुट कबूल झाला होता, आणि तो मरत होता अंथरुणावर, आमांशाने, चार महिने झिजून. मग हे आजारपण हेच ते हौतात्म्य, अशी त्याची समजूत पटली. आदल्या दिवशी मेणबत्त्यांचा सण होता. त्यासाठी त्याने तीन मोठ्या मेणबत्त्या करवून घेतल्या होत्या. ३ फेब्रुवारी ८६५ रोजी तो गेला, वयाच्या ६४व्या वर्षी.

रिम्बर्टवर किती विश्वास ठेवायचा? तो आन्सगारला स्वतःच्या लहानपणापासून ओळखत होता, ही जमेची बाजू. पण ब्रेमेनवर कोलोनचा आर्चबिशप हक्क सांगत होता आणि हॅम्बुर्ग-ब्रेमेनचं जोडपद पक्कं करायची रिम्बर्टला गरज होती. त्या पदाच्या जुन्या सनदांत नंतर फेरफार झाल्याचं अभ्यासक दाखवतात. म्हणून पदव्या, हद्दी, पोपची पत्रं आली की मी सावध वाचते. मळा, दोन खोल्यांची नाव, वाइनचं भांडं, चार नाणी, असे तपशील हक्काच्या भांडणात कोणाच्या कामाचे नव्हते. तिथे मी जास्त भरवसा ठेवते.

आणि यश? त्याच्यामागे स्वीडनमधलं काम विझलं. ९३६ मध्ये त्याच्याच गादीवरचा आर्चबिशप उन्नी बिर्काला गेला आणि तिथेच वारला. डेन्मार्कचा हाराल्ड ब्लूटूथ ९६५च्या सुमारास ख्रिस्ती झाला, स्वीडनचा ओलोफ शोटकोनुंग १००० च्या सुमारास. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांनी, आणि तेही राजांच्या आपापल्या गणितांनी. आन्सगारला ‘उत्तरेचा प्रेषित’ म्हणतात ते नंतरच्यांनी दिलेलं नाव आहे.

ज्यांना मूळ वाचायचं आहे त्यांच्यासाठी : रिम्बर्टच्या चरित्राचा जुना इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत मिळतो. सुरुवातीच्या दृष्टान्तांच्या पानांवर बरेच जण अडखळून सोडून देतात. विसाव्या प्रकरणापासून सुरू करा, तिथे फ्रिडेबुर्ग भेटेल. मग सव्विसावं, सत्ताविसावं, म्हणजे ओलोफ आणि ती सभा. त्यानंतर पहिल्या पानावर या. चिखलात अडकलेला आणि आईपर्यंत पोहोचू न शकणारा एक लहान मुलगा तिथे स्वप्नात दिसतो. तो मुलगा पुढे काय काय गमावणार आहे, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल.